शून्यतेचा अभ्यासवर्ग: चादर जमली, झेरॉक्स फसली

सोलापूरच्या पूर्व भागात रविवारी सकाळी भरणारा हा सहा बैठकांचा वर्ग. विषय एकच: 'सगळं शून्य' म्हणणारे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन उच्छेदवादी, म्हणजे काहीच नाही असं मानणारे, होते का? उत्तर 'नाही' आहे आणि ते घाई न करता काढून दाखवतात, हे पहिलं जमेचं.

दुसऱ्या बैठकीसाठी तरी जाच. टेबलावर सोलापुरी चादर पसरलेली असते आणि नागार्जुनांचे भाष्यकार चंद्रकीर्ती यांनी रथाला लावलेली सात प्रश्नांची कसोटी तिला लावतात. ताण्या-बाण्यापासून वेगळी चादर दाखवा. नाही दाखवता येत. मग सूत हीच चादर? तसं असेल तर तेवढंच सूत कांड्यांवर असतानाही अंगावर घेता यायला हवं. चादर सुतात असते, की सूत चादरीत? की सूत चादरीच्या मालकीचं? तिन्हींसाठी आधी दोन्ही वेगवेगळी दाखवावी लागतात. नुसता ढीग म्हणावा तर उसवलेला ढीगही चादरच ठरेल. राहिला आकार, पण नक्षीच्या कागदाने थंडी थोडीच जाते!

इथेच बरेच जण घसरतात. 'म्हणजे चादर नाहीच' असं म्हणून वही मिटतात. सापडला नाही तो चादरीचा स्वभाव, म्हणजे कशावरही न अवलंबता असणं. चादर जागेवरच आहे. नागार्जुनांच्याच विग्रहव्यावर्तनी या ग्रंथावरच्या वृत्तीत (टीकेत) उदाहरणही कापडाचंच आहे: रथ, घट, पट (कापड) हे सगळे निःस्वभाव, म्हणजे असा स्वभाव नसलेले, तरी कापड थंडी-वारा-उन्हापासून राखतं. सूत, माग आणि विणकराचा हात यांवर अवलंबून आहे म्हणूनच चादर विणता येते, विटते, फाटते. नागार्जुनांच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या 24व्या प्रकरणातली 18वी कारिका (श्लोक) हेच सांगते: जो प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे इतर कारणांवर अवलंबून घडणं, तीच शून्यता.

आता तक्रार. हातात देतात त्या झेरॉक्समध्ये कोण बोलतंय याची खूणच नाही. 24व्या प्रकरणाच्या पहिल्या 6 कारिका प्रतिपक्षाच्या आहेत: सगळं शून्य असेल तर उदय नाही, व्यय नाही, चार आर्यसत्यंही नाहीत. हेच नागार्जुनांचं मत समजून वाचलं की उच्छेदवाद आयताच हाती येतो. 20व्या कारिकेत नागार्जुन तोच आरोप उलटवतात. 'यदि शून्यम्' (शून्य असेल तर) याचं 'यद्यशून्यम्' (शून्य नसेल तर) होतं. अंधुक छपाईत तो एक 'अ' सहज निसटतो. जाणार असाल तर 1 ते 6 पुढे पेन्सिलीने 'पूर्वपक्ष', म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, असं लिहून ठेवा.

चौथ्या बैठकीत फळ्यावर गणितातलं शून्य काढलं जातं. ते नको होतं. 'शून्य म्हणजे काही नाही' हे डोक्यात आधीच पक्कं बसलेलं असतं, त्यावर आणखी थर चढतो. त्यापेक्षा 13व्या प्रकरणाची 8वी कारिका घ्यायला हवी होती: शून्यता ही सगळ्या दृष्टींतून (धरून ठेवलेल्या मतांतून) बाहेर पडण्याची वाट, पण शून्यतेचीच दृष्टी धरून बसणारे असाध्य. तिच्यावर चंद्रकीर्तींनी दिलेला दाखला नवी पेठेच्या बाजारात तर हमखास कळेल. दुकानदार म्हणतो, तुम्हाला द्यायला काही नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मग ते 'काही नाही' तरी बांधून द्या.

शंकराचार्यांच्या शून्यवादावरच्या आक्षेपाला शेवटची जेमतेम 10 मिनिटं मिळतात. संस्कृत येत नसलं तरी चालतं, पदच्छेद करून देतात. पंखा मात्र एकच आहे आणि तो फळ्याच्या डोक्यावर.