द्वैती ताऱ्यांवरील डागांचे नकाशे: ‘फीबी’च्या दीर्घ वापरानंतरचा अनुभव

घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींचा झगमगाट आणि पावसाळ्याचे चार महिने यांमुळे ठाण्यात गच्चीवरून ताऱ्यांचे अचूक प्रकाशमापन करणे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे २०१८ साली अवकाशात गेलेल्या ‘टेस’ दुर्बिणीची खुली निरीक्षणे उतरवून घ्यायची आणि ‘फीबी’ या मोफत संगणकप्रणालीत द्वैती ताऱ्याची, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीची, प्रतिकृती उभारून त्यावरचे सूर्यडागांसारखे थंड डाग शोधायचे, हा मार्ग मी गेले कित्येक महिने धरला आहे.

माझा बहुतेक वेळ श्यामशबल तारकासमूहातील आरएस या द्वैतीवर गेला. तिचा परिभ्रमणकाळ सुमारे ४.८ दिवसांचा असल्याने टेसच्या साधारण २७ दिवसांच्या एका निरीक्षणखंडात पाचेक फेऱ्या मिळतात. फीबीमध्ये प्रत्येक डागासाठी अक्षांश, रेखांश, त्रिज्या आणि भोवतालच्या पृष्ठभागाच्या तुलनेतील तापमान असे चार आकडे द्यावे लागतात. यांपैकी रेखांशावर मी निःशंकपणे विश्वास ठेवतो, कारण प्रकाशवक्रातील (वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाच्या आलेखातील) खोलगट भाग कोणत्या कलेला, म्हणजे फेरीच्या कोणत्या टप्प्याला, येतो यावरूनच तो ठरतो. उरलेले तीन आकडे मात्र एकमेकांत गुंतलेले असतात. एकाच वर्णपट्ट्यातील (रंगाच्या एकाच पट्ट्यातील) निरीक्षणांत मोठा पण जरा कोमट डाग आणि लहान पण बराच थंड डाग जवळजवळ सारखाच वक्र देतात. पिधानामुळे, म्हणजे एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकल्यामुळे, ही गुंतागुंत थोडी सुटते. लहान, अधिक तप्त एफ वर्गाचा तारा मोठ्या, तुलनेने थंड के वर्गाच्या ताऱ्यासमोरून सरकताना वाटेतला डाग झाकला गेला, तर एकूण प्रकाश अपेक्षेपेक्षा कमी घटतो, आणि ही खूण हाती लागली की अक्षांशाला खरा आधार मिळतो.

ध्रुवाभोवती समान पसरलेला डाग मात्र या पद्धतीला दिसतच नाही, कारण ताऱ्याच्या परिवलनाबरोबर त्याचा प्रकाश कमी-जास्त होत नाही. एचआर १०९९ या द्वैतीच्या ध्रुवाजवळील विशाल डाग व्होग्ट आणि पेनरॉड यांनी १९८३ मध्ये दाखवला, तो वर्णपटरेषांच्या बदलत्या आकारावरून.

परिवलनाच्या बाबतीत फीबी ताऱ्याला घन गोळ्यासारखे फिरवते. सूर्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत, तर ध्रुवाकडचा भाग सुमारे ३५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. असा फरक शोधायचा असेल, तर प्रत्येक निरीक्षणखंड स्वतंत्रपणे जुळवून डागाचा रेखांश कक्षीय कलेच्या तुलनेत किती सरकला हे पाहावे लागते. हे काम मला सर्वांत आनंदाचे वाटते आणि सर्वांत जबाबदारीचेही, कारण जुना डाग विरून शेजारी नवा उगवला, तरी आलेखात ते सरकणेच भासते. दोन खंडांत मोठे अंतर असेल, तर परिवलनाचा वेग सांगू नये, असे माझे ठाम मत आहे.

फीबी ताऱ्याचा पृष्ठभाग लहान त्रिकोणांत विभागते; तिचे मूळचे सुमारे १,५०० त्रिकोण लहान डागांना अपुरे पडतात. ते वाढवले की साध्या लॅपटॉपवर गणना फारच रेंगाळते. म्हणून आधी कमी त्रिकोणांवर ढोबळ उत्तर काढून शेवटी ते वाढवणे सोयीचे ठरते. टेसची निरीक्षणे उतरवून हाताळणाऱ्या ‘लाइटकर्व्ह’ या संगणकप्रणालीमधून निरीक्षणे घेताना वक्र सपाट करण्याची सोय वापरू नये, कारण तिच्यासोबत डागांची लाटही पुसली जाते. शिवाय टेसच्या एका चित्रबिंदूची बाजू आकाशात २१ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आहे, त्यामुळे दाट तारकाक्षेत्रात शेजाऱ्यांचा प्रकाश मिसळून पिधान उथळ दिसते. अशा वेळी तिसऱ्या प्रकाशाचा, म्हणजे या मिसळलेल्या परक्या प्रकाशाचा, आकडा जुळवणीसाठी मोकळा ठेवूनच डागांकडे वळावे.