रोज अर्धी जुडी कोथिंबीर, सात महिने

मार्चमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर तो निरोप फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. जुडीभर कोथिंबीर उकळा, गाळा, प्या, किडनी धुऊन निघेल. मी दहा दिवस प्यायले. चव फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखी. किडनीचं काय झालं ते कळायला मार्ग नाही, कारण तिला आधी काही झालंच नव्हतं. नंतर एक गोष्ट वाचून मात्र दचकले: १०० ग्रॅम कोथिंबिरीत ५०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं आणि उकळलं की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. म्हणजे ज्यांची किडनी खरोखर अधू आहे आणि ज्यांना पोटॅशियम जपायला सांगितलंय, त्यांच्यासाठी तो काढा अगदीच उलटा.

काढा सोडला, पण कोथिंबीर सोडली नाही. घरात चार माणसं, रोज अर्धी जुडी. कोवळ्या काड्यांसकट चटणी, वरणावर मूठभर, रविवारी वड्या. नाशकात राहून मिसळीवर भुरभुरण्यापुरतीच कोथिंबीर खायची, हे तसं आपल्याला न शोभणारंच. गणेशवाडीच्या बाजारात भाजीवाल्या मावशी म्हणायच्या, "ताई, चायना नका घेऊ, गावठी घ्या, वास बघा." चायना दिसायला उंच, टवटवीत, पण चटणीला गावठीच. पानं बारीक, मुळाला माती जास्त, वास मात्र पिशवीतून बाहेर येतो.

आता फायदा. माझं हिमोग्लोबिन १०.४ होतं, सात महिन्यांनी १०.६. याला मी फायदा म्हणणार नाही. कोथिंबिरीत लोह आहे, पण पालेभाजीतलं लोह शरीर कमीच घेतं आणि आपण खाऊन खाऊन खाणार किती? लिंबू पिळलं तर थोडी मदत होते, म्हणून चटणीत लिंबू ठेवलं. क जीवनसत्त्व हवं असेल तर कच्चीच खावी, उकळत्या आमटीत टाकून झाकण ठेवलं की ते घटतं. रक्तदाब किंचित उतरला, पण त्याच काळात मी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायला लागले होते, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? एक बदल मात्र नक्की चटणीमुळे झाला. ताटात चटणी आल्यावर लोणचं आणि पापड आपोआप मागे पडले, मीठ कमी झालं. "शरीरातले जड धातू बाहेर पडतात" वगैरे दाव्यांवर मी तरी विसंबणार नाही. (भाच्याला कोथिंबीर साबणासारखी लागते. आम्ही त्याला नखरेल म्हणायचो. पण काहींना वास ओळखणाऱ्या जनुकातल्या फरकामुळे तिच्यातली अल्डिहाइडं खरंच साबणासारखी लागतात. त्याची माफी मागितली.)

खरी गोष्ट मे महिन्यात घडली. सासूबाईंच्या हृदयात धातूची झडप आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. रिपोर्टमध्ये आला १.९, म्हणजे रक्त हवं तेवढं पातळ नव्हतं. गोळी एकही चुकलेली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काय बदललं?" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "सूनबाई रोज हिरवी चटणी करते, मी भाकरीबरोबर तीन-चार चमचे घेते."

तिथे उलगडा झाला. १०० ग्रॅम कोथिंबिरीत ३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास के जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठायला मदत करतं, आणि वॉरफरिन नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करतं. क सारखं हे उष्णतेने जात नाही, वर तेलाबरोबर चांगलं शोषलं जातं. म्हणजे माझी वरून घातलेली चुरचुरीत फोडणी आगीत तेल ओतत होती. मी घाबरून विचारलं, "मग बंद करू का?" डॉक्टर म्हणाले, "बंद नको. जितकी खाल तितकीच रोज खा. गोळीचा डोस आपण त्या हिशेबाने बसवू."

सोपं वाटलं ना? नाशिकचा बाजार विसरलात. मार्चमध्ये दहाला जुडी होती, जुलैच्या पावसात सत्तरला गेली, तीही अर्धी काळी पडलेली. भाव पडला की शेतकरी जुड्या मार्केटमध्येच टाकून जातो, चढला की आपण मोजून चार काड्या घेतो. आमच्यासारख्या घरात या चढउताराबरोबर आयएनआरही हलणार. एक आठवडा कोथिंबीर नाही म्हटलं की गोळीचा तोच डोस जड होऊन रक्त जास्त पातळ व्हायची भीती.

म्हणून आता महाग असो वा स्वस्त, सासूबाईंच्या वाट्याची आधी येते. गॅलरीत दोन ट्रेही केले. धणे रगडून दोन दळं करून पेरले, आठ-दहा दिवसांत उगवले. पावसात एक ट्रे कुजला, दुसऱ्यातून दीड महिन्यात दोन मुठी निघाल्या. हौस म्हणून ठीक, भरवशाचं नाही. मुळाची माती निघेपर्यंत तीन पाण्यांनी धुणं हे काम मात्र रोजचंच. कच्ची खायची तर तिथे आळस नको.

चटणीच्या डब्यात वेगळा छोटा चमचा ठेवलाय. सासूबाईंचे रोज सपाट दोन. परवा पाहुणे आले तेव्हा त्यांनी हळूच तिसरा घेतला, आणि माझ्याकडे बघून अर्धा परत ठेवला.