हाताने केलेले सहा ड्रॉवर, नऊ महिने वापरल्यावर

कपाटासाठी सहा ड्रॉवर घरीच केले, त्याला नऊ महिने झाले. बाजू १२ मिमी प्लायच्या, तळ ६ मिमीचा, दोन्ही बाजूंना टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या एकात एक जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या. रोज उघडझाक होते, त्यामुळे कुठे चुकलो ते आता नीट कळलंय.

आधी सगळी काळजी जोडाचीच होती. डव्हटेल, म्हणजे पंख्यासारखे दात एकमेकांत अडकवायचा जोड, येत नाही, मग ड्रॉवर टिकणार कसा? शेवटी दोन बाजूंना खाच मारून, डिंक लावून, आधी बारीक भोक पाडून स्क्रू पिळले. भोक न पाडता प्लायच्या कडेत स्क्रू घातला की थर फाटतात. पहिल्या फळीचं तेच झालं. सहापैकी एकाचाही जोड आजवर हललेला नाही.

छळलं ते रुंदीने. अशा चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण १२.७ मिमी जागा लागते. माझं आतलं माप ४५० मिमी, म्हणून ड्रॉवरची पेटी ४२४ची केली. पण माप घेतलं फक्त पुढून. मागे कपाटाची फळी किंचित आत वाकली होती आणि जागा २ मिमी कमी होती. ड्रॉवर मस्त सरकायचा आणि शेवटच्या चार बोटांवर अडायचा, बंद करताना कुल्ल्याने ढकलावा लागायचा! शेवटी पेटीच्या मागच्या भागावर दोन्हीकडून रंधा फिरवला तेव्हा सुटला. आता माप पुढे, मध्ये, मागे असं तीनदा घेतो आणि सगळ्यात लहान आकडा धरतो. पेटी १ मिमी सैल असलेली चालते, घट्ट असलेली अजिबात नाही.

गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून कोपरे तपासले होते, तरी एक पेटी तिरकी निघाली. डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण टेपने मोजायला हवे होते. फरक ३ मिमीचा होता. क्लॅम्प तिरका लावून ओढलं असतं तर दोन मिनिटांत सरळ झाली असती; डिंक वाळल्यावर काय करणार? तो ड्रॉवर आजही एका कोपऱ्यात खरडतो, आवाजावरून कुणी उघडला ते कळतं.

तळाचं म्हणाल तर पाच पेट्यांत तो खाचेत बसवलाय. एकात कंटाळून खालून नुसते खिळे मारले आणि तिच्यातच नेमकी हत्यारं ठेवली. तिसऱ्या महिन्यात तळ लोंबला, खिळे अर्धे बाहेर. खाच घेताना मात्र हातातला तुकडा घालून बघा, ६ मिमीचा प्लाय बऱ्याचदा पुरता ६ भरत नाही आणि तळ खडखडतो.

दर्शनी फळी सगळ्यात शेवटी, आतून स्क्रूने. भोकं थोडी मोठी ठेवली, म्हणून फटी सारख्या करता आल्या.

आतून जवसाचं तेल लावलं, ते मात्र नको होतं. बंद पेटीत वास कोंडतो, कपड्यांना कित्येक आठवडे येत होता. सहावा ड्रॉवर तेलाविना राहिला होता, त्याला लाखेचं पॉलिश मारलं. त्याला वास नाही, म्हणून घरात सगळ्यांना आपले कपडे त्यातच हवेत.