झिपवाल्या लोकरी व्हेस्टचं किट: लोकर झकास, चेन मात्र वेगळी घ्या

विणकामाची तयार किट्स मी सहसा घेत नाही, लोकर आपल्या हाताने निवडलेली बरी वाटते आणि पॅटर्न तर कुठूनही मिळतो. पण ह्यातलं जाकीट फोटोत फारच उबदार दिसत होतं, उभी कॉलर, बिनबाह्यांचं, पुढे खालपासून वरपर्यंत चेन, दोन मोठे खिसे... घेतलंच मग. आता विणून झालंय, घालून झालंय, धुवूनही झालंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

बॉक्समध्ये लोकरीचे ५० ग्रॅमचे ८ गुंडे येतात, एका गुंड्यात १०० मीटर. सोबत ५ मिमीची बांबूची सर्क्युलर सुई (म्हणजे लवचिक केबलने जोडलेली दोन टोकं, केबलसकट ८० सेमी), ६० सेमीची पितळी चेन, लोकर ओवायची जाड सुई आणि छापलेला पॅटर्न. खालच्या आणि मुंढ्याच्या पट्टीसाठी पॅटर्न ४ मिमीची सुई मागतो आणि ती बॉक्समध्ये नाहीच! अरे किट म्हणता ना मग सगळं द्या की. घरात असेल तर ठीक, नाहीतर पट्टीपासूनच सुरुवात असल्यामुळे पहिल्याच दिवशी काम अडतं. दिलेल्या सुईचा बांबू छान गुळगुळीत आहे पण केबल जिथे जोडलीय तिथे टाके जरा अडकतात, सवय होते पण वैतागही येतो.

लोकरीला मात्र पैकीच्या पैकी. सुपरवॉश मेरिनो आहे, मऊ, टोचत नाही, टाका अगदी स्वच्छ दिसतो. उसवून परत विणलं तरी दोरा विसकटत नाही, हे मी मुद्दाम तपासलं. आता सुपरवॉशची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ह्यात लोकरीच्या तंतूवरचे खवले प्रक्रिया करून गुळगुळीत केलेले असतात म्हणून धुतल्यावर ती आटून नमद्यासारखी होत नाही, पण त्याच गुळगुळीतपणामुळे ओली झाली की टाके घसरतात आणि कपडा लांबतो. साध्या स्वेटरला हे चालून जातं. चेनवाल्याला नाही चालत, कारण लोकर लांबेल पण चेन एक मिलीमीटरही लांबणार नाही, म्हणजे मग पुढचा भाग चेनभोवती गोळा होऊन बसणार.

म्हणून नमुन्याचा तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मगच मोजा. पॅटर्नचं माप १० सेमीत १८ टाके आणि २४ ओळी असं आहे. तुमचा हात जरा घट्ट असला आणि १८ च्या जागी १९ आले तर काय फरक पडतो असं वाटेल, पण १८० टाक्यांचं जाकीट १०० सेमीऐवजी ९५ च्या आत येतं आणि चेन लावताना पोटावर ओढ बसते. पुलोव्हर थोडा तंग झाला तर ताणून घालता येतो, चेनवालं जाकीट मात्र लगेच चुगली करतं. ओळींचं मापही तितकंच बघा, बरेच जण फक्त टाके मोजतात आणि इथे तर चेनची लांबी ओळींवरच ठरते.

विणायला डिझाइन सोपं आहे. मुंढ्यापर्यंत पाठ आणि दोन्ही पुढचे भाग एकत्रच विणायचे, म्हणजे बाजूची शिवण नाही, मग तीन भाग करून मुंढे आणि गळा घटवायचा. खांदे तिसऱ्या सुईने जोडून बंद करायचे, कॉलरचे टाके उचलायचे. वीण दाणेदार आहे, एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याची अदलाबदल, त्यामुळे कपडा गुंडाळत नाही आणि अंगावर छान भरीव बसतो. आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे पुढचा काठ! पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा आणि त्याच्या शेजारचा टाका दर्शनी बाजूने कायम उलट ठेवायचा. त्याने काठाजवळ वरपासून खालपर्यंत एक बारीक खाच तयार होते आणि चेनची शिलाई बरोब्बर त्या खाचेत लपते. ज्याने कोणी हे ठरवलं त्याने स्वतः चेन लावलेली आहे हे नक्की.

पण मग त्याच माणसाने चेनबद्दल पॅटर्नमध्ये फक्त एक ओळ का लिहिली असेल देवच जाणे. “चेन शिवून घ्या.” बस! अख्ख्या कामातला सगळ्यात नाजूक भाग आणि त्याला एक ओळ. बरं चेन तरी बरी द्यावी, तर सगळ्या साइझना तीच ६० सेमीची. पॅटर्नमध्ये लहान साइझचा पुढचा काठ ५६ सेमी आहे आणि मोठ्याचा ६४, म्हणजे मधल्या साइझवाल्यांचंच नशीब. चेन लांब असेल तर एक वेळ ठीक, वरच्या टोकाकडून कापता येते (खालून नाही, खाली ती उघडायची डबी असते), पण आखूड चेन कशी वाढवणार? आणि पितळी चेन दिसायला कितीही झोकात असली तरी वजनदार असते, मऊ विणीला ती खाली ओढते, उघडी ठेवून फिरलं की पुढची दोन्ही टोकं लोंबायला लागतात.

मी ती काढून ठेवली आणि मोठ्या दातांची प्लॅस्टिकची ५ नंबरची, खालून पूर्ण सुटणारी चेन आणली. नंबर म्हणजे साधारण बंद दातांची रुंदी मिलीमीटरमध्ये. ह्या विणीला ५ नंबर बरोबर बसते, ३ नंबरची जरा किरकोळ वाटेल.

लावायचं कसं ते पॅटर्नमध्ये नाही म्हणून इथेच लिहिते. जाकीट आधी धुवून वाळवा. काठाच्या लांबीची चेन घ्या, काठ ताणून चेनएवढा करायचा नाही, तसं केलं की पुढे लाटा येतात. चेन बंद ठेवूनच दोन्ही बाजू टाचण्यांनी लावा, पट्टीचा शेवट आणि कॉलरची सुरुवात समोरासमोर येतेय ना बघा, नाहीतर एक बाजू वर एक खाली. मग कच्चा धावदोरा घाला, चेन उघडा आणि साध्या शिवणाच्या दोऱ्याने त्या खाचेतून हाताने उलटी टीप मारत जा. आतून चेनच्या कापडाची कड बारीक टाक्यांनी लोकरीला पकडून टाका, म्हणजे रनर अडकत नाही. मशीनवर घालायचा मोह होईल, पण मशीनचा पाय वीण पुढे ढकलतो आणि काठ पसरतो, त्यामुळे हातशिलाईच करा, एका बैठकीत होते.

घालायला सुंदर आहे हे सांगायलाच हवं. हात मोकळे राहतात, कामं करता येतात, गरम व्हायला लागलं की चेन अर्धी खाली. कॉलर मानेशी नीट उभी राहते, खिसे खरंच हात मावतील एवढे खोल आहेत. अजून गोळे आलेले नाहीत. धुताना चेन बंद करून, उलटं करून धुवा आणि हँगरला अजिबात लटकवू नका, सपाटच वाळवा.

पहिलंच विणकाम असेल तर हे नका घेऊ. एखादा स्वेटर पूर्ण केला असेल तर बिनधास्त घ्या. माझ्याकडून पाचात साडेतीन, चेन धड असती आणि ४ मिमीची सुई दिली असती तर साडेचार दिले असते. साइझ घेताना छातीच्या मापापेक्षा १० सेमी तरी मोठं घ्या कारण आत जाड शर्ट येणारच, आणि सगळ्यात मोठी साइझ खिशांसकट करणार असाल तर लोकर अगदी काठावर पुरते, एक गुंडा त्याच डाय लॉटचा (म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीतला) सुरुवातीलाच जास्तीचा मागवून ठेवा, नंतर तोच लॉट मिळेल ह्याची काही खात्री नाही.