कुंडीखाली बशी की वरून पाणी? अवकाळीतली कीटकभक्षी झाडं

सोलापूरचा हिवाळा एरवी कोरडा ठणठणीत. पण डिसेंबरात अवकाळी चार दिवस मुक्कामाला आला की प्रश्न पडतो: कुंडीखालची बशी भरलेली ठेवायची, की काढून वरूनच पाणी घालायचं?

व्हीनस फ्लायट्रॅप आणि सॅरासेनिया ही दलदलीतली झाडं. मे महिन्यात त्यांना बशीच हवी. आपल्या उन्हात वरून घातलेलं पाणी संध्याकाळ बघत नाही. थंडीत मात्र फ्लायट्रॅप तीन-चार महिने झोपतो, पाणी जेमतेम पितो. तेव्हा ढगाळ हवा, कुंडीत मातीऐवजी भरलेलं शेवाळ म्हणजे मॉस चिंब आणि खाली तुडुंब बशी म्हणजे कंद सडलाच. गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात माझा एक असाच गेला. पानं काळी पडली, मला वाटलं झोपलाय. उकरून बघतो तर कंद पिकल्या केळ्यासारखा मऊ, वर आंबूस वास. जिवंत कंद पांढरा आणि टणक लागतो. सॅरासेनिया याबाबतीत बराच सोशिक.

बशीचा आणखी एक तोटा लवकर ध्यानात येत नाही. पाणी खालून चढतं, वर उडून जातं, क्षार मात्र मॉसमध्येच साठतात. पावसाचं पाणी वरून पडून ते धुऊन काढतं. म्हणून अवकाळी आला की मी बश्या उचलतो आणि कुंड्या उघड्यावरच भिजू देतो. दवबिंदू (ड्रॉसेरा) या झाडाच्या पानांवरचा चिकट थेंब धुपतो खरा, पण ऊन पडलं की परत धरतो.

घटपर्णीला बशी कधीच नको, मेघालयातली असो वा नर्सरीतली संकरित. वरून घाला, निथळू द्या.

पाणी कुठलं, यात तुलना करण्यासारखं काही नाही. बोअरचं नको, नळाचंही नको. पावसाचं बादलीत धरून ठेवा; नाहीतर आरओचं, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर ५० पीपीएमच्या आत असेल तरच. चवीसाठी क्षार परत मिसळणारी मशीन असते, तिचा आकडा आधी बघा.

रोज गच्चीवर जाणं जमत असेल तर थंडीभर वरून घाला, मॉस दाबल्यावर बोट ओलसर लागण्यापुरतं. जमत नसेल तर बशी ठेवा, पण उथळ. सुकली की एक दिवस थांबून भरा. माझ्याकडे शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण आहे, त्यात अर्ध्या सेंटीमीटरच्या वर पाणी मावतच नाही.