आंब्याच्या दिवसांतील चिलटे आणि विकतचा सापळा : तीन आठवड्यांचा अनुभव

मे महिन्यात हापूसच्या दोन पेट्या घरी आल्या, आंबे गवतात आढी घालून पिकत ठेवले आणि आठवडाभरात स्वयंपाकघरात चिलटांचा इतका सुळसुळाट झाला की चिरलेले फळ क्षणभरही उघडे ठेवता येईना. त्यावर उपाय म्हणून सफरचंदाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या दोन डब्या आणि त्यांत ओतायच्या द्रावणाची छोटी बाटली असा संच मी 280 रुपयांना मागवला.

त्याआधी माझ्याकडून एक चूक झाली होती, ती इतरांकडून होऊ नये असे मनापासून वाटते. 'फळमाशीचा सापळा' म्हणून कृषी सेवा केंद्रातून मी जो सापळा आणला, त्यात मिथाईल युजेनॉल लावलेला लाकडी ठोकळा होता. दोन दिवसांत त्यात एकही चिलट शिरले नाही, आणि यात सापळ्याचा काहीच दोष नव्हता. मिथाईल युजेनॉलकडे आकर्षित होतात ते आंब्याच्या बागेत उपद्रव करणाऱ्या फळमाशीचे नर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'रक्षक' सापळाही त्याच माशीसाठी आहे. घरातले चिलट हा निराळा कीटक आहे. ते जेमतेम 3 मिलिमीटरचे, लालसर डोळ्यांचे असते आणि आंबू लागलेल्या फळांच्या वासावर येते.

विकत घेतलेल्या संचातील द्रावणालाही व्हिनेगरचाच वास होता. पहिल्या रात्री एका डबीत 34 चिलटे बुडालेली सापडली, त्यामुळे आकर्षणाच्या बाबतीत उत्पादन खरे उतरले असे म्हणता येईल. डबी आडवी झाली तरी द्रावण सांडत नाही, हा लहान मुले असलेल्या घरासाठी मोठाच गुण आहे. मात्र झाकणावरची भोके थोडी मोठी असल्याने काही चिलटे आत जाऊन परत बाहेर येताना मी स्वतः पाहिली; शिवाय वेष्टनावर 30 दिवसांची ग्वाही असताना मेच्या उकाड्यात द्रावण तेराव्या दिवशी आटले.

दुसऱ्या आठवड्यात मी डबीशेजारी एक वाटी ठेवली. तिच्यात अर्धी वाटी अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातले होते. या थेंबांमुळे द्रवाचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी पृष्ठभागावर टेकून उडून जाऊ शकणारे चिलट बुडते. सकाळी मोजल्यावर वाटीतील आणि डबीतील आकडे जवळजवळ सारखेच निघाले.

तरीही रोज तितकीच चिलटे मरत होती आणि हवेत तितकीच दिसत होती. सापळ्यात फक्त उडणारी चिलटे सापडतात, तर अंडी आणि आळ्या ओलसर, कुजत्या जागी सुरक्षित राहतात. 25 अंश तापमानाला अंड्यापासून चिलट तयार व्हायला साधारण 10 दिवस पुरतात आणि एक मादी आयुष्यभरात काहीशे अंडी घालते. शोध घेतला तेव्हा कांद्याबटाट्यांच्या टोपलीच्या तळाशी एक सडलेला बटाटा सापडला आणि सिंकच्या जाळीखाली बोटभर गाळ साचलेला दिसला. टोपली धुऊन उन्हात ठेवली, जाळी ब्रशने घासली, आंब्याच्या साली व कोयी रोज रात्री घराबाहेर काढल्या आणि पिकलेले आंबे फ्रीजमध्ये हलवले. मोजणी चालूच होती: पुढच्या आठ-नऊ दिवसांत रोजचा आकडा तीसवरून तीन-चारवर आला.

डब्या मजबूत आहेत, त्यामुळे संच एकदा घ्यायला हरकत नाही. नंतरचे द्रावण मात्र विकत घेऊ नये. मी आता त्याच डब्यांत व्हिनेगर आणि लिक्विड घालते, झाकणाची निम्मी भोके चिकटपट्टीने बंद करते, आणि चिलटे पूर्वीइतकीच अडकतात.