जुनी ३०० मिमी मॅन्युअल टेली: काच ठणठणीत, ग्रीसचं तेवढं बघून घ्या

माझ्या लेन्सच्या दुरुस्तीवाल्याने काल फोनवर सांगितलं, "साहेब, जुन्या लेन्सला गॅरंटी नसते." लेन्सची मागितलीय कोणी? मी त्याने भरलेल्या ग्रीसची मागत होतो.

लेन्स निकॉनचीच निक्कोर ३०० एफ ४.५, एआय (लावलेलं अपर्चर कॅमेऱ्याला कळवणारी रचना), म्हणजे १९७७ नंतरची. ईडी, म्हणजे रंगांच्या कडा कमी करणारी खास काच, नसलेली साधी आवृत्ती. गेल्या पावसाळ्यापासून निकॉन डी ७२०० कॅमेऱ्यावर वापरतोय. बाकीची आकडेवारी सगळीकडे मिळते, ती इथे उगाळत नाही.

हीच का घेतली, तर पैसे. ऑटोफोकसवाल्या ३०० च्या किमतीत माझ्या मोटरसायकलचं इंजिन नवं झालं असतं. रशियन ताइर-३ बघितली होती, १६ पात्यांचं सुंदर गोल अपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र), पण वजन दीड किलोच्या वर आणि एम ४२ हे जुनं आट्यांचं माउंट. निकॉन बॉडीवर ती लावायची तर मध्ये काचेचा अ‍ॅडॅप्टर लागतो, नाहीतर इन्फिनिटीला, म्हणजे खूप लांबच्या गोष्टींवर, फोकसच होत नाही. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचं दुखणंही तेच. मिररलेसवाल्यांना ही कटकट नाही, त्यांनी खुशाल काहीही घ्यावं. माझ्यासारख्या डीएसएलआरवाल्याने आपल्याच माउंटचं घ्यावं आणि गप बसावं. त्यातही डी ३००० किंवा डी ५००० मालिकेची बॉडी असेल तर या लेन्सवर उजेड मोजणारं मीटर चालत नाही, एक्स्पोजर अंदाजाने लावावं लागतं. डी ७२०० मध्ये नॉन-सीपीयू (चिप नसलेल्या लेन्सच्या) मेनूत फोकल लेंग्थ आणि अपर्चर भरलं की काम होतं, फोकस जुळल्याचा हिरवा ठिपकाही पेटतो. १९७७ पूर्वीची, एआय न केलेली लेन्स मात्र अशा बॉडीवर जबरदस्तीने बसवू नका, माउंटजवळची पट्टी मोडू शकते.

लेन्स हातात आली तेव्हा फोकसची रिंग घट्ट होती. इतकी, की फिरवताना अख्खा कॅमेरा हलायचा. या लेन्समध्ये सगळी काच मळसूत्रावर पुढेमागे सरकते, त्यामुळे ग्रीस सुकलं की संपलंच. काचेच्या धारेवर लोक पानंच्या पानं लिहितात, रिंगबद्दल अवाक्षर नाही. अरे, फोकसच करता येत नसेल तर धार घेऊन करायचंय काय? म्हणून दुसऱ्या शहरात सर्व्हिसला पाठवली. आली ती लोण्यासारखी. मी खूश.

हिवाळाभर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर मजा आली. काळवीट उभा राहतो, बघतो, वेळ देतो. खाटीक बाभळीच्या शेंड्यावर बसून राहतो. कापशी घार हवेत एका जागी फडफडत थांबते, तेवढ्यात हिरवा ठिपका लागतो. भोवत्या हा शिकारी पक्षी मात्र जमला नाही. गवतालगत तरंगत येतो आणि रिंग फिरेपर्यंत पार. माळढोकाबद्दल विचारूच नका, अभयारण्य त्याच्या नावाचं आहे, एवढंच. आणखी एक, सकाळी ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा फोटो मऊ येतो. त्यासाठी लेन्सला शिव्या देऊ नका, दोन लाखांचीही हेच करेल.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या (उंच सजवलेल्या काठ्यांच्या) मिरवणुकीतही नेली. मित्र म्हणाला, "काय बे, तोफ आणलास का?" माझ्या कॅमेऱ्याच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ४५० सारखी होते, गर्दीत निम्म्या वेळेला फ्रेममध्ये नुसता फेटा. पण नंदीध्वज सावकाश येतो, आधीच फोकस लावून थांबता येतं. तिथेच साध्या काचेचा दोष दिसला. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीच्या (यात्रेतल्या पारंपरिक अंगरख्याच्या) कडेला, मागे काळोख असेल तर, जांभळी रेघ. एफ ८ ला बरीच कमी होते, उरलेली संगणकावर जाते. ईडी आवृत्तीत हा त्रास कमी, पण पैसे जास्त. जांभळी रेघ मला परवडते.

तोवर मी हिला दहापैकी आठ दिले असते. मग मे आला.

एफ ८ ला काढलेले फोटो पांढरेफटक यायला लागले, एफ ४.५ चे एकदम ठीक. आधी मीटरवर संशय घेतला. शेवटी लेन्स काढून, अपर्चर १६ वर ठेवून मागची, पाती उघडमिट करणारी लिव्हर हलवून पाहिली, तर पाती झोपेतून उठल्यासारखी मिटत होती. तेल! पातळ ग्रीस भरलेलं, सोलापूरचा बेचाळीस-त्रेचाळीसचा उन्हाळा, त्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅग. ग्रीसमधलं तेल सुटून पात्यांवर गेलं. शटर उघडायच्या आत पाती मिटायला हवीत, ती मिटत नाहीत आणि जादा उजेड आत जातो. एफ ४.५ ला पात्यांना हलायचंच नसतं, म्हणून ते फोटो चांगले. यावर दुरुस्तीवाला म्हणतो, तुमच्याकडे ऊन जास्त. पार्सलवर पत्ता सोलापूरचाच होता ना! पुन्हा उघडायचे चार हजार मागितले, वर कुरिअर माझं.

नवी पेठेतल्या एका घड्याळदुरुस्तीवाल्या काकांनी सहाशे रुपयांत पाती धुऊन दिली. कॅमेऱ्याची लेन्स आधी कधी उघडली नव्हती म्हणाले, पण स्क्रूच्या एकाही डोक्याला ओरखडा नाही. रिंगचं ग्रीस बदलायला मात्र त्यांनी नकार दिला, "ते माझं काम नाही." हा नकार मला त्या आधीच्या दुरुस्तीवाल्याच्या होकारापेक्षा आवडला. सध्या बॅग डिकीत ठेवत नाही, लेन्स घरात फरशीवर.

घेणाऱ्यांनी तीन गोष्टी बघाव्यात. लिव्हर हलवून पाती खटकन मिटतात का, स्क्रूची डोकी झिजलीत का, आणि टॉर्च लावून आत बुरशीचे धागे दिसतात का. मुंबई-कोकणातल्या लेन्समध्ये बुरशी असण्याची भीती जास्त, आपल्याकडे पाऊसच जेमतेम. माझ्या काचेत अजून एक धागा नाही.

गुण आता साडेसहा. विकणार नाही. गर्दीसाठी २०० एफ ४ शोधतोय, कोणाकडे असेल तर कळवा. लिव्हर हलवून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही, आणि "नुकतीच सर्व्हिस केलेली" असेल तर किंमत आणखी कमी करून मागीन.